बसल्या जागी एकतीस हजार

आवक विभागाच्या कारकुनांचं वजन एकशे अठरा किलो होतं आणि त्याला कार्यालयाची काही हरकत नव्हती. हरकत होती ती त्यांच्याच पायांची. खुर्चीत टेकून पाच मिनिटं झाली की पिंडऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागे आणि पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसे. अंथरुणावर पडल्यावर तर विचारूच नका. आठ महिन्यांत सलग दोन तास झोप लागली नव्हती. माणूस पार रडकुंडीला आला होता.

कार्यालयाच्या डॉक्टरांनी त्यांना नीट तपासलं. "वजन जास्त असलं की हा त्रास जास्त दिसतो," ते म्हणाले. "त्यात झोप झाली नाही की भूक वाढते आणि वजनही. दोन्हीवर एकदमच उपचार हवेत. तज्ज्ञांकडे पाठवतो, फक्त आरोग्य समितीची मंजुरी आणा."

समिती तेव्हा भलतीच कामात होती. तिने प्रत्येकाला पावलं मोजणारं घड्याळ वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात जावक विभागातल्या शिक्के मारणाऱ्या बाई खुर्चीतून न उठता पहिल्या आल्या. सबब, घड्याळ मनगटाऐवजी घोट्यावर बांधावे, असं परिपत्रक निघालं. कारकुनांनी ते इमानेइतबारे बांधलं.

"एकतीस हजार पावलं! एका दिवसात!" समितीचे अध्यक्ष त्यांचा अर्ज बाजूला सारत म्हणाले. "आणि म्हणे वजन जास्त आहे?"

"साहेब, मी बसूनच होतो. पाय आपोआप..."

"पुरे झाला हा विनय. एवढं चालणारा माणूस लठ्ठ असूच शकत नाही. वजनकाट्यात दोष आहे."

काट्याची रीतसर चौकशी झाली. तो एकशे अठरावर अडून बसला, म्हणून त्याला निर्लेखित करून अडगळीत टाकण्यात आलं.

कारकुनांना 'उत्कृष्ट पादचारी' हा किताब मिळाला. घरी बायकोने मानपत्र दोनदा वाचलं. "अहो, दिवसाला एकतीस हजार पावलं चालता, मग कोपऱ्यावरून दूध आणायला काय होतं?"

मग त्यांच्या कार्यपद्धतीचं प्रशिक्षण सर्वांना सक्तीचं झालं. दोनशे माणसं टेबलाखाली पाय हलवू लागली. सह्या चौकटीबाहेर जायला लागल्या, तेव्हा चौकटी मोठ्या करण्यात आल्या. जिना चढण्यात वेळ जाऊन पावलं कमी भरतात असं आढळल्यावर जिन्याचा वापरही थांबला. सगळ्यांची पोटं सुटली, पण वजन करायला काटाच नव्हता.

कारकुनांनी पुन्हा अर्ज केला. या वेळी एकच ओळ होती: 'मला झोप हवी आहे.'

"उपचार घेतलेत तर पाय थांबतील," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "कार्यालयाची सरासरी कोसळेल. दोनशे माणसांच्या आरोग्याचा प्रश्न आहे हो! जरा त्यांचा विचार करा."

अर्जावर शेरा पडला: 'अर्जदार निरोगी असल्याने उपचारास अपात्र.'

कारकून तडक डॉक्टरांकडे गेले आणि शेरा त्यांच्यापुढे आपटला. "तुम्हीच म्हणाला होतात ना, उपचार हवेत म्हणून? मग हे खोटं आहे असं लिहून द्या!"

डॉक्टरांनी मान खाली घातली. टेबल थरथरत होतं. "देतो ना," ते पुटपुटले. "पण जरा थांबा. माझी अजून चार हजार बाकी आहेत."

कारकून मटकन खाली बसले. बसल्याबरोबर त्यांचे पाय चालू झाले आणि डॉक्टरांनी कौतुकाने घोट्याकडे पाहिलं.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. फक्त एक सांगा, काल तुम्हाला झोप नीट लागली का?

अहं. मनगटाकडे बघायचं नाही.