दोन दाती जोत्या

आमच्या कुरणवाडीत माणसाचं वय बैलागत खालच्या पुढच्या दातांवरनं धरत्यात, आन् माझे दोन दात पडले त्या दिवशी मी माझ्याच पोराहून लहान झालो.

नियम सोपा हाय. खाली पुढं आठ दात असले की माणूस जुळला, म्हंजे पुरता गडी. त्यानं पंचायतीत बसावं, लोकांच्या पोरांना रागवावं, लग्नात मानाचा टावेल घ्यावा. सहा असले की तरणा. चार असले की पोरगेला. दोन असले की नुसतं मिसरूड फुटल्यालं. आन् एकबी नसला की आदत. आदत म्हंजे खोंड, लेकरू. त्याची जागा शाळंत. सुटा दात धरत न्हाईत, जोडी पुरती लागती. कवळी चालत न्हाई. म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून तरणा म्हणून खपवत्यात, कवळी त्यातलीच लबाडी.

पटत न्हाई त्यानं आमच्या शाळंत येऊन बघावं. पहिलीत गणपा आज्जा मांडी घालून बसतोय. शाळंचा पाया त्यानंच सोताच्या हातानं खणलाय. आता पाढा चुकला की कान धरून उभा ऱ्हातोय. त्याची तक्रार न्हाई. खिचडी मऊ असती म्हणतोय.

मी जोतिराम. धंद्यानं हेडी, बाजारात बैलांचा सौदा जुळवणारा. जलमभर बैलांची तोंडं उघडून बघितली. बैलाच्या हिरडीला वास आला तर मी सौदा मोडायचो, मालकाला चार शिव्या द्यायचो. माझ्या हिरडीतनं रोज सकाळी रगत यायचं, तवा मी म्हणायचो, अंगात गरमी हाय. वर मिसरी घासायचो. दात हलाय लागला तर जिभेनं हलवत बसायचो, करमणूक म्हणून.

पहिली जोडी गेली तवा मला लई आनंद झाला. खोटं कशाला बोलू. मी तरणा झालो. तालमीतली पोरं दारात आली, म्हणाली, "चल की जोत्या!" मी गेलो. लाल मातीत लोळलो, मिरवणुकीत कर्ण्याम्होरं नाचलो, शेंगा चोरल्या. शेंगा माझ्याच रानातल्या हुत्या, पण चोरल्या त्या चोरल्याच.

फक्त एक झालं. उत्तम माझा पोरगा, त्याचे आठ दात मक्याच्या कणसागत. त्याला आता दादा म्हणायला लागायचं.

"आबा, राहू द्या हो," उत्तम पयल्या दिवशी म्हणाला.

"आरं नियम हाय," मी म्हणालो. "दादा म्हंजे दादा. आन् मला आबा म्हणू नगंस, लोक हसत्यात."

आठ दिवसात बेणं सरावलं. "जोत्या, शेण काढलंस का?" मला असा राग आला की खुराड्याला लाथ घातली. कोंबड्या दोन दिस अंड्यावर बसल्या न्हाईत. पण शेण काढलं. थोरल्याम्होरं बोलता येत न्हाई.

मग दुसरी जोडी गेली, आन् भाकरी खाताना तिसरी. भाकरीचा दोष न्हाई, भाकरी मऊ हुती. ऱ्हायले दोन.

चावडीत बाबालाल मुलाणी बसतोय. दात बघायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरात हाय. त्यानं माझ्या तोंडात बघितलं आन् हात धुतला.

"दोन दाती," बाबालाल म्हणाला. "जोत्या, तुझं लगीन तहकूब."

"तहकूब कसं? संसार झालाय माझा! ह्यो उत्तम काय झाडाला लागला का?"

"संसार झाला त्यो झाला, त्यो कुणी पुसत न्हाई. पण दोन दातीला जुवाला लावत न्हाईत. तुला ठावं हाय की, तू हेडी हायस."

ठावं हुतं. मीच लोकांना सांगायचो.

"मग पुढं काय?" मी विचारलं.

"बेंदराच्या सणाला दातपाहणी हाय. तवा तुझे दोन्ही दात अंगठ्याखाली उभे ऱ्हायले, तर तू दोन दाती कायम. दोन दातीचं लगीन ठरवता येतं. तुझ्या थोरल्यानं स्थळ बघावं, आक्काताईला पसंत पडलास तर पुन्हा लाव. एक जरी पडला तर तू आदत. मग पहिलीत नाव, आन् आक्काताईला काकी म्हणायचं."

"काकी?"

"काकी. कायमचं."

आक्काताई माझी बायकू. जलमभर मला "आवं" म्हणाली. त्या सांजला मी घरला गेलो तर दारातच म्हणाली, "आरं जोत्या, पाय धुऊन ये. आन् हितं झोपू नगंस बाबा, तालमीत झोप. लोक नावं ठेवत्याल."

मी तिच्या पाया पडलो. थोरली हाय. तिनं डोक्यावर हात ठेवला आन् तोंड फिरवलं. हसली का रडली ते दिसलं न्हाई.

आता खरी बोंब ऐका. आमच्या समोर यशवंत फौजी ऱ्हातोय. पलटणीतनं आल्याला, बायकू नसल्याला, आठाला आठ दात असल्याला. माझं लगीन तहकूब झाल्यालं कळल्यापास्नं त्यो रोज सांजला माझ्या दारासमोर कट्ट्यावर बसून ऊस खायचा. कडाकडा. ऊस सोलायचा दातानं, चावायचा दातानं, आन् मधनंच आक्काताईकडं बघून आठीच्या आठी दाखवायचा.

"घ्या की वहिनी कांडं," म्हणायचा.

"माझ्या घरात ऊस हाय भावजी," आक्काताई म्हणायची. पण आत जायला वेळ लावायची.

मी सकाळची पहिली एस्टी धरली आन् तालुक्याला दातांच्या डॉक्टरणीकडं गेलो. तरणी पोरगी. कुरणवाडीच्या हिशोबानं जुळल्याली. मी तिला ताई म्हणालो.

"काय होतंय?" तिनं विचारलं.

"मी लहान व्हाय लागलोय."

"कधीपासून?" असं तिनं विचारलं, आन् हातात मोजे घातले.

सगळं सांगितलं. तिनं मान हलवली. मग एक बारीक सळई घेतली, तिच्यावर खुणा, आन् दात आन् हिरडीच्या मधी घातली. सळई आत गेली ती गेलीच.

"दात चांगलेत," ती म्हणाली. "हिरडी आजारी आहे."

माझं डोस्कं फिरलं. "आवं दात पडत्यात माझं! हिरडी कुटं पडतीय? दाताचं औषध द्या!" मी एवढ्यानं वरडलो की भाईरची माणसं उठून उभी ऱ्हायली.

"असंच ओरडत राहा," ती म्हणाली. "तोंड छान उघडतंय." आन् तिनं आरसा आत घातला.

मग तिनं समजावून सांगितलं, आन् मला पयल्यांदा डॉक्टरची गोष्ट कळली. ती म्हणाली, दाताच्या बुडाला घाण साठती. काढली न्हाई की ती दगडागत घट्ट बसती, त्याला कीटण म्हणत्यात. कीटणानं हिरडी सुजती, रगत येतं, दात सोडून मागं सरती. मग कीटण आणखी खोल जातं, आन् आतलं हाड झिजतं. दुखत न्हाई म्हणून माणूस येत न्हाई. दात तसाच उभा असतोय, पण त्याच्या बुडाला काय ऱ्हायल्यालं नसतंय.

"म्हंजे खुंटा बरा हाय, माती गेली," मी म्हणालो.

"अगदी तसंच. आणि तुम्ही खुंट्याला औषध मागताय. मिशरी लावता?"

"सगळं गाव लावतंय."

"आजपासून बंद. तंबाखूही. साखर तपासून घ्या, साखर वाढली असेल तर हिरडी ऐकत नाही. गेलेलं हाड आता परत येणार नाही. राहिलेलं धरून ठेवू."

"धरा," मी म्हणालो. "त्यातच माझी बायकू हाय."

तिनं मशीन लावली. भिंगरीगत आवाज, तोंडात पाणी, मी खुर्चीला धरून. कीटण निघालं त्ये कापसावर ठेवून दाखवलं. काळं, पिवळं, आडाच्या तळाच्या गाळागत. एवढा गाळ तोंडात घिऊन मी बैलांना नावं ठेवत हुतो. पुन्हा बोलावलं तवा सुई देऊन हिरडीच्या खालचं, मुळावरचं खरवडून काढलं. शेवटाला दोन्ही दात एकमेकांना आन् बाजूच्या दाढंला मागनं बारीक तारंनं बांधले. मऊ ब्रश दिला. हिरडी आन् दात मिळत्यात तितं तिरका धरायचा, हळू फिरवायचा, सकाळी आन् झोपताना. खसाखसा घासायचा न्हाई, ती काय म्हस न्हाई.

मिसरी सोडली तवा पयल्या आठवड्यात मी तालमीच्या खांबाशी भांडलो. खांब गप ऱ्हायला म्हणून आणखी राग आला. पण झोपताना ब्रश चुकवला न्हाई. बाकीचे दोन दाती माझं बघून लायनीत बसून ब्रश कराय लागले. त्यांच्यातल्या एकानं रगत बघून बोंब मारली. मी त्याला एस्टीत बसवून डॉक्टरणीकडं धाडला. लहान हाय अजून, वेळंत कळलं.

तिकडं ऊस कडाकडा चालूच हुता. मी भिंतीआडनं ऐकायचो आन् हळू ब्रश फिरवायचो. मनात फौजी, हातात ब्रश, आन् हळू फिरवायचा. आसलं अवघड काम मी जलमात केलं न्हाई.

मग रगत यायचं थांबलं. हिरडी वांग्यागत हुती ती गुलाबी झाली. वास गेला.

बेंदराला बैलांच्या आधी माणसांची पाहणी असती. सगळं गाव चावडीम्होरं. आक्काताई बायकांत उभी. फौजी पुढं, दात धुऊन आल्याला. बाबालालनं मला बसवलं, तोंड उघडलं, आन् थांबला.

"ही तार कसली?"

"डॉक्टरणीनं बांधलीया. ती म्हणंल तवाच काढायची."

"बांधून उभा केल्याला बैल उभा धरत न्हाईत," फौजी मागनं म्हणाला.

"तुझ्या तोंडात दात हायत का बंदूक?" मी म्हणालो. मला गप बसवलं.

पंचायतीनं इचार केला. कुणी म्हणालं शिंगाच्या टोकाला पितळंची शेंबी असली तरी शिंग धरत्यात. कुणी म्हणालं शेंबी शोभंला असती, तार आधाराला. बराच वेळ गेला. ठरलं की तार काढून अंगठा लावायचा, पण दोन दातीच्या तोंडाला हात लावायचा तर थोरल्याची संमती पायजे.

सगळ्यांनी उत्तमकडं बघितलं. उत्तम माझ्याजवळ येऊन बसला.

"जोत्या," त्यो हळू म्हणाला, "काय करू रं?"

"दादा," मी म्हणालो, "काप म्हणावं. रोज फौजीचा ऊस ऐकण्यापरास पहिलीत बसल्यालं बरं."

बाबालालनं पत्रा ठोकणाऱ्याची बारीक पक्कड मागवली. तार तुटली. टक झालं. मग त्यानं अंगठा धुतला, पुसला, माझ्या दातांवर ठेवला आन् दाबला. भाईर दाबला, आत दाबला. ढोलवाल्यानं ढोलावर हात ठिवला. मला वाटलं एक दात जरासा हललाच.

"हलला!" फौजी म्हणाला.

बाबालालनं अंगठा काढला आन् उजेडात धरला. "माझाच अंगठा थरथरतोय," त्यो म्हणाला. "वय झालं. अंगठ्याला रगत न्हाई. हिरडीनं दात धरलाय. दोन दाती, कायम."

ढोल वाजला. मी तितंच नाचलो, तोंड मिटून, दात जपून.

दुसऱ्याच दिवशी उत्तम दादा मला घिऊन स्थळाला गेला. स्थळ आमचंच घर. दोन्हीकडनं बोलाय उत्तमच, पोराचा थोरला भाऊबी त्योच आन् पोरीचा पोरगाबी त्योच. चटईवर बसला की म्हणायचा, "आमचं पोरगं चांगलं हाय," आन् खुर्चीवर बसला की म्हणायचा, "बघू, इचार करू." मला मधी उभा केला. आक्काताई पदर खोचून आली.

"तोंड उघड," ती म्हणाली.

उघडलं. तिनं ओठ खाली वढला. दात मोजले, हिरडी दाबली, वास घेतला. बाजारात मी बी एवढ्या बारकाईनं कवा बघितलं न्हाई.

"दात कोण घासतं ह्याचं?" तिनं विचारलं.

"सोताच घासतोय," उत्तम म्हणाला. "सांजसकाळ. सांगाय लागत न्हाई."

"मारका हाय का?"

उत्तम खुर्चीवरनं उठून चटईवर बसला आन् मग बोलला. "तापट हाय. पण अलीकडं हळू हात चालवाय शिकलाय."

आक्काताईनं मला वर-खाली बघितलं. तिचा अंगठा माझ्या तोंडातच हुता, म्हणून मला काय बोलता आलं न्हाई. बोललो असतो तर सगळं मोडलं असतं.

"सौदा कर," ती उत्तमला म्हणाली.

उत्तमनं रीतीपरमाणं हातावर टावेल टाकला. टावेलाखाली बोटं दाबून बोली करत्यात, ती भाईर कुणाला दिसत न्हाई. आक्काताईनं टावेलाखाली हात घातला आन् त्याची बोटं सोडून माझी धरली. किती धरली त्ये मी कुणाला सांगणार न्हाई. बाजाराचा कायदा हाय.