गहिनीअण्णांची स्पोर्टची गाडी

मोटारगाडीतलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या नेवासे तालुक्यात कुणाला कळत नाही, असं माझं ठाम मत होतं. मी विल्सन भिंगारदिवे. सोनईपासून दोन कोसांवरच्या करजवाडीत हायस्कूलला खेळाचा शिक्षक. माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि कॉलेजात असताना दवाखान्याची जुनी जीप मी दोन उन्हाळे चालवली होती. शिवाय तिथे येऊन गेलेल्या एका परदेशी डॉक्टरांनी मोटारींच्या मासिकांचा गठ्ठा मागे ठेवला होता. तो वाचून वाचून जपानची कुठली गाडी किती पळते हे मला पाढ्यासारखं पाठ झालं होतं. त्यातली एकही गाडी मी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण तीसचा पाढा म्हणायला कुणी तीस बैल समोर आणून उभे करत नाही!

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस गहिनीनाथ येळवंडे थेट शाळेच्या मैदानावर आले. गहिनीअण्णा गावातले मोठे बागाईतदार. पाटाचं पाणी, ऊस, घरचा ट्रॅक्टर. त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता, तिचं लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा गोरक्षनाथ, राहुरीच्या विद्यापीठात नोकरीला.

"सर," अण्णा म्हणाले, "स्पोर्टची गाडी घ्यायचीय. जपानची."

"बरं. पण माझ्याकडे कसे आलात?"

"मग कोनाकडं जाऊ? गनिताच्या सरांकडं? स्पोर्ट म्हनजी तुमचंच खातं न्हाई का?"

खातं माझंच होतं, हे मी नाकारू शकलो नाही. अण्णांनी राहुरीच्या रस्त्यावर कुणा पाहुण्याची तसली गाडी पाहिली होती. बसकी, चपटी, लालभडक. डोळा लवायच्या आत ती निघून गेली आणि अण्णा धुरळ्यात उभे राहिले. तिथूनच ते व्याह्यांच्या घरी गेले आणि चहा पिता पिता बोलून बसले, की आमच्याकडे नवरदेवाची वरात जपानी गाडीतून निघंल. अण्णांनी एकदा शब्द दिला की दिला. आता गाडी नाही आली तर चारचौघांत नाक कापलं जाणार होतं.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसून सगळ्या घराला समजावून सांगितलं. "गाडी निवडताना दोन गोष्टी बघतात. खिसा आणि गरज. खिसा लहान असेल तर होंडा, छोटीशी, मोटारसायकलच्या घराण्यातली. मधला असेल तर दात्सून. खिशाला तळच नसेल तर टोयोटा."

"खिशाचं मी बघतो," अण्णा म्हणाले. "तुमी गरजंचं बघा. गाडी पळाली पायजे. माझी एवढीच गरज."

त्यांची आई साळूबाई आतून म्हणाली, "मला मांडी घालून बसता आलं पायजे. पाय सोडून बसलं की मुंग्या येत्यात."

अण्णांच्या पत्नी रतनबाई चहा घेऊन आल्या. "दुधाच्या दोन किटल्या अन् सरकीची एक गोनी मावली म्हनजी झालं. लई काय मागत न्हाई मी."

पळणारी, मांडी घालायची आणि सरकी नेणारी. जपानच्या कारखान्यात आजवर असा विचार कुणी केला नसेल. पण मी मान डोलावून म्हणालो, "मिळेल."

पुढच्या आठवड्यात अण्णा आणि मी एस.टी.नं मुंबईला गेलो. देश सोडून जाणाऱ्या परदेशी लोकांच्या गाड्या विकणारा एक दलाल मी मिशनमधल्या ओळखीनं शोधून काढला होता. त्याच्या शेडमध्ये पाय ठेवला आणि मी बोटानं गाड्या मोजायला लागलो. मासिकातली चित्रं मापानं मोठी होऊन समोर उभी होती. मी प्रत्येकीच्या भोवती दोनदा फिरलो. दलाल काही सांगायच्या आधीच मी इंजिनाचे आकडे सांगत होतो, आणि तो बिचारा "बरोबर, बरोबर" म्हणत माझ्या मागे चालत होता. अण्णांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल असा आदर मी आधी कधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

मोठी गाडी आधीच कुणीतरी सांगून ठेवली होती. छोटीत अण्णा बसले तर गुडघे कानाला लागले आणि फेटा छताला. राहिली मधली. लाल, लांब नाकाची, दोन माणसांची. आत बसून अण्णांनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि ते डावीउजवीकडे फिरवून बघितलं.

"सर, हीच," ते शेवटी म्हणाले.

"हीच," मीही म्हणालो.

दलाल प्रामाणिक होता. त्यानं विचारलं, "गाव कुठलं आपलं? रस्ता कसा आहे?"

"रस्ता हाय की," अण्णा म्हणाले. "बैलगाडी जाती."

दलालानं कोपऱ्यातल्या एका उंच, ओबडधोबड गाडीकडे बोट केलं. "मग साहेब, ती बघा. जपानीच आहे. शेतात घाला, ओढ्यात घाला."

मी हसलो. "अहो, तिच्यात स्पोर्ट कुठं आहे?"

येताना गाडी मीच चालवली. डांबरी रस्त्यावर ती काय पळाली म्हणता! अण्णा फेटा दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि प्रत्येक ट्रक मागे पडला की म्हणायचे, "ग्येला." नगर मागे पडलं, घोडेगाव मागे पडलं. फाट्यावर डांबर संपलं आणि गावाची चाकोरी लागली. गाडीचं पोट आणि चाकोरीची पाठ यांची तिथे ओळख झाली. मुंबईहून फाट्यापर्यंत यायला लागला त्याहून जास्त वेळ फाट्यापासून गावात यायला लागला असावा, असं मला तरी वाटलं.

दारात सगळं गाव जमलं. साळूबाईनं आत डोकावून बघितलं. "दोनच पाट? अन् बाकीच्यांनी काय टपावर बसायचं?" पण बसायला गेली तर सीट इतकी खाली, की तिला अगदी जमिनीवर बसल्यासारखं वाटलं. तिनं मांडी घातली आणि गाडी पास केली. तिला बाहेर काढायला मात्र दोन गडी लागले. रतनबाईंनी मागची जागा बघितली, तिथे एक किटलीही उभी राहीना, आणि त्या किटली उचलून आत गेल्या.

लग्न वैशाखात होतं. मुहूर्त दुपारचा. राहुरीची मंडळी सकाळीच आली आणि मारुतीच्या देवळात उतरली. तिथून मांडवापर्यंत वरात न्यायची. मी नवा सूट आणि नगरहून आणलेले नवे, रुंद तळाचे बूट घालून गाडी देवळापुढे लावली. गोरक्षनाथ, आमचा नवरदेव, उंच, सडपातळ, फार कमी बोलणारा. तो आत बसायला वाकला आणि बाशिंग दाराला अडलं.

तिरका बसवला, तर बाशिंग छताला. पुढे वाकवला, तर काचेला. शेवटी सीट मागे सारून त्याला जवळजवळ निजवलाच. बाशिंग काचेच्या दिशेनं रोखलेलं, नजर छताकडे.

"ठीक आहे ना?" मी विचारलं.

"दिसत काही नाही. बाकी ठीक," तो म्हणाला.

वरात निघाली आणि खरी अडचण कळली. गाडी माणसाच्या कमरेएवढी. भोवती वऱ्हाडी, पुढे बँडवाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बायकांना टाचा उंचावूनही नवरदेव दिसेना.

"नवरदेव कुठाय गं?"

"त्या डब्यात हाय म्हनं."

नवऱ्या मुलाचे वडील मच्छिंद्रतात्या गाडीच्या बाजूनं चालत होते. त्यांचा चेहरा हळूहळू तापत चालला. खिडकीशी वाकून ते मला म्हणाले, "मास्तर, पोरगा मिरवायला बसवलाय का लपवायला?"

तापत गाडीही चालली होती. ती वाऱ्याशी शर्यत लावायला बनवलेली, आणि पुढे बँडवाले एका पावलावर दोन गाणी वाजवत होते. काटा वर चढायला लागला. गाडी गचके खायला लागली. मी ब्रेक दाबला. पण तिची पॅडलं अशी जवळजवळ बसवलेली, की माझा रुंद बूट ब्रेकवर कमी आणि शेजारच्या पॅडलवर जास्त पडला.

गाडीला एवढंच हवं होतं.

बँड दुभंगला. ढोलवाला डावीकडे, सनईवाला उजवीकडे, आणि आम्ही मधून. नशिबानं कुणाला ओरखडाही आला नाही. घाबरून मी आणखी जोरात ब्रेक दाबला, म्हणजे बूट आणखी जोरात दाबला. मांडव डाव्या हाताला आला आणि गेला. अक्षता घेऊन उभ्या असलेल्या बायका लाल पट्ट्यासारख्या दिसल्या.

"सर," नवरदेव शांतपणे म्हणाला, "सनईचा आवाज मागं राहिला का?"

वेशीबाहेर रस्ता वळला. आम्ही वळलो नाही. समोर पाटाची चारी होती, अण्णांच्याच उसाला पाणी नेणारी, कोरडी. गाडी तिच्यात अशी अलगद उतरली, की जणू चारी तिच्या मापानं खणली होती. इंजिन बंद पडलं. दोन्ही दारं दोन्ही काठांना टेकली. उघडायची सोय नाही.

मी घामानं भिजलो होतो. "लागलं का कुठं?"

"नाही. पण पाणी येतंय का? आवाज येतोय," तो म्हणाला.

पाणीच होतं! त्या दिवशी अण्णांची पाण्याची पाळी होती. लग्न असलं म्हणून पाण्याची पाळी कोण सोडतो? वरच्या अंगाला पाटकऱ्यानं वेळेवर दार उघडलं होतं आणि मातकट पाणी, काडीकचरा पुढे ढकलत, आमच्याकडे येत होतं.

गोरक्षनाथनं काच खाली केली, बाशिंग आधी बाहेर काढून टपावर ठेवलं आणि मग स्वतः खिडकीतून सरपटत वर गेला. वर बसून त्यानं बाशिंग पुन्हा नीट बांधलं. मी त्याच वाटेनं निघालो आणि अर्ध्यावर अडकलो. सूट शिंप्यानं अंगाबरोबर शिवला होता.

इकडे मांडवात काय झालं ते मला नंतर कळलं. कुणी म्हणालं मास्तरचा पाय घसरला, कुणी म्हणालं त्याला मुलगी पसंत नव्हती म्हणून तो पळाला. मच्छिंद्रतात्या उभे राहून सांगत होते, की तुमच्या मास्तरनं आमचा पोरगा पळवून नेला, आमी जेवल्याबगर माघारी जातो. अण्णा त्यांचे हात धरत होते. मुलीच्या मांडवातून वऱ्हाड माघारी गेलं तर पुढे काय, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं.

मग कुणीतरी ओरडलं, "आरं, त्यो बघा!"

उसाच्या शेंड्यांवर, उन्हात चमकत, बाशिंग दिसत होतं. सबंध वरातीत दिसला नाही तो नवरदेव आता कोसभरावरूनही दिसला असता.

सगळ्यांच्या आधी ट्रॅक्टर आला. चालवत होती मुक्ता. अण्णांना मुलगा नव्हता, नांगरट तीच करायची, त्यामुळे साखळी कुठे ठेवलीय हेही तिलाच ठाऊक होतं. कपाळाला मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा. शेजारी चाकावरच्या पत्र्याला धरून रतनबाई, अंतरपाटाआधी नवरा-नवरीची नजरभेट व्हायला नको म्हणून एका हातानं आपला पदर मुलीसमोर ताणून धरलेल्या. त्या पदराखालून बघत मुक्तानं ट्रॅक्टर चारीच्या काठाशी आणला.

"उतरू नका, वर बसून राहा," ती टपाकडे न बघता म्हणाली. साखळी बांधायला मागून धावत आलेले गडी पाण्यात उतरले.

मग ती माझ्याकडे वळली. मी कमरेपर्यंत बाहेर होतो. "सर, आत जा. गेर काढून टाका अन् पाय वर घ्या."

"कुठला?"

"दोन्ही."

ट्रॅक्टरनं धूर सोडला, साखळी ताणली, आणि गाडी नवरदेवासकट वर आली. पाणी नुसतं चाकांना लागलं होतं. तोवर सगळं वऱ्हाड काठावर जमलं होतं. मच्छिंद्रतात्यांनी ट्रॅक्टरकडे बघितलं, सुनेकडे बघितलं.

"ही नवरी हाय का डायव्हर?"

टपावरून गोरक्षनाथ म्हणाला, "दोन्ही असली तर आपलंच भलं की, तात्या."

त्या दिवसातलं त्याचं हे सगळ्यात मोठं वाक्य. तात्यांच्या मिशा हलल्या. ते अण्णांकडे वळून म्हणाले, "चला व्याही, मुहूर्त टळंल."

लग्न लागलं. जेवणाच्या पंगतीत मी शक्यतो मोठ्या हंड्यांच्या मागे राहिलो. अण्णा मला शोधत तिथे आले. मला वाटलं, आता शिव्या. ते म्हणाले, "गाडी पळती मात्र, सर," आणि माझ्या पानात जिलेबी वाढून गेले.

दुसऱ्या दिवशी पाठवणी. गाडी उन्हात सुकली होती आणि पहिल्याच किल्लीला सुरू झाली. मुक्तानं ती एकदा अंगणात फिरवून बघितली, मला काहीच विचारलं नाही, आणि चाकोरी चुकवत चुकवत फाट्यापर्यंत इतकी हळू नेली की आम्ही सगळे बैलगाड्यांतून मागोमाग पोचलो. शेजारी गोरक्षनाथ, आज बाशिंगाशिवाय, ताठ बसलेला.

फाट्यावर गाडी थांबली. रतनबाईंनी खिडकीतून लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. साळूबाईनं खणानारळानं ओटी भरली. बायका रडायच्या तयारीनं एका ओळीत उभ्या राहिल्या. वीस वर्षं वाढवलेली लेक चालली होती. रतनबाई एक पाऊल मागे सरल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांकडे नेला.

पदर डोळ्यांपर्यंत पोचला तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. राहुरीच्या दिशेला, वळणावर, लिंबाच्या झाडामागे थोडा धुरळा होता.

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीनं हुंदका काढला, पण एकटीच आहे हे बघून थांबली. रतनबाई बराच वेळ पदर तसाच हातात धरून उभ्या होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"सर, जरा रडू तरी द्यावं, अशी न्हवती का मिळत एखादी?"