शालिकभाऊंचा समोरचा एक्सल

आमच्या आसगावात कोणाकडे पाहुणा चारचाकी घेऊन आला, की सगळ्यात आधी शालिकभाऊ पोचतात. पाहुण्याकडे मात्र ते ढुंकूनही पाहत नाहीत. पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून सरळ गाडीच्या पुढच्या चाकांपाशी उकिडवे बसतात, मान वाकडी करून खाली डोकावतात आणि डॉक्टरनं वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणतात, "समोरचा कमजोर आहे."

समोरचा म्हणजे पुढचा एक्सल. पुढच्या दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा. जगात जे काही बिघडतं ते या दांड्यापासून, अशी त्यांची पक्की समजूत. "समोरचा मजबूत पायजे, मागचा आपोआप येते," हे त्यांचं तत्त्वज्ञान. एकदा दिघोरीहून वरात आली होती. फुलांनी मढवलेल्या गाडीतून नवरदेव उतरायच्या बेतात, बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या, आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. नवरदेवाच्या बापानं ते पाय पाहिले आणि "माणूस आला रे खाली!" अशी बोंब ठोकली की बँडवाले वाजवायचे थांबले. शालिकभाऊ शांतपणे बाहेर सरकले, पाठीची माती झटकली आणि त्या बापाला म्हणाले, "वापस जाताना हळू जा बुवा."

शालिकभाऊ माझे शेजारी. माझ्या स्टेशनरीच्या दुकानाची भिंत तीच त्यांच्या अंगणाची भिंत. तरुणपणी त्यांनी पवनीच्या रस्त्यावर काळीपिवळी चालवली, आता थोडी धानाची शेती आहे. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात ते एकटे आणि अंगणात कुठल्याशा लिलावात घेतलेली जुनी जीप. तिला टप नाही, दारं नाहीत, आणि हॉर्न वाजतो तो फक्त डावीकडे वळताना. मध्यंतरी गुडघा दुखतो म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला तर हे पुढे वाकून विचारतात, "साहेब, दोन्ही बाजूनं पट्टी मारून वेल्डिंग केलं तं?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

आता या वेडाला कारण आहे, आणि ते कारण नाल्यापलीकडच्या टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, राहतं. शालिकभाऊंची मोठी बहीण, सरस्वताबाई. सगळे तिला नुसतं बाई म्हणतात. आई लवकर गेली तेव्हा शालिकभाऊंना तिनंच वाढवलं. आता तिचे गुडघे गेले आहेत. तिला चालवत नाही, मोटारसायकलवर बसवत नाही. आमच्याकडे दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. त्या दिवशी दुपारी दंडारीचा नाच, संध्याकाळी नाटक, आणि घरोघर लेकीबाळी, जावई, पाहुणे. गावात पाय ठेवायला जागा नसते. शालिकभाऊंच्या घरी मंडईला येणारं माणूस एकच, बाई.

तर एका मंडईला बाईला आणताना नाल्यातल्या दगडावर जीप आदळली आणि पुढचा एक्सल वाकला. भांडलेल्या जावांसारखी दोन चाकांनी दोन दिशांना तोंडं फिरवली. लोकांनी बाईला खाटेवर बसवून परत टोलीवर पोचवलं. खाटेवरून ती ओरडली, "शालिक, तुह्या गाडीपेक्षा रेंगी बरी!" रेंगी म्हणजे आमच्याकडची बैलांची छोटी गाडी. सगळे हसले. शालिकभाऊ हसले नाहीत. याच जीपमधून, याच नाल्यातून बाईला मंडईला आणायचंच, असं त्यांनी तिथंच पाण्यात उभं राहून ठरवलं.

मग कोंढा गावच्या वेल्डरचे ग्रह फिरले. ट्रॅक्टरला चिखलणीच्या वेळी जी लोखंडी चाकं लावतात, तसली जुनी चाकं आणून शालिकभाऊंनी त्यांच्या पट्ट्या कापायला लावल्या. या पट्ट्या एक्सलवर जोडायच्या. पण कशा? बोटभर वेल्डिंग डावीकडे, मग थांबायचं. बोटभर उजवीकडे, पुन्हा थांबायचं. "एकदम तापवला का एक्सल वाकते. थंडा होऊ दे. तवरिक च्या पी." असा चहावर चहा चालला. शेवटी वेल्डर हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुमचा एक्सल थंडाच आहे, माह्या पोटात आग पडली."

इतकं करून पहिल्या वर्षी पट्टी बसवली ती एक्सलच्या खालून. वजन खालूनच तोलावं लागतं, हा त्यांचा हिशेब. परीक्षेसाठी जीप एकाच्या चिखलणीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, घातली. सगळा गाव बांधावर. पट्टीनं फावड्याचं काम केलं. जीप पुढं सरकली तशी चिखलाची रास तिच्यापुढं वाढत गेली, आणि बांधीच्या मधोमध जीप बसली ती बसलीच. बांधीचा मालक तेवढा खूश होता. "शालिकभाऊ, त्या कोपऱ्यात बी एक चक्कर मारा ना!"

पुढच्या वर्षी पट्टी वर गेली. तर गाडी उसळली की पट्टी इंजिनाच्या तेलाच्या डब्याला भिडायची. म्हणून पाट्यांच्या स्प्रिंगा उंच केल्या. मग स्टिअरिंगचा रॉड बारीक वाटू लागला. "एकाले तगडा केला का बाजूचा कमजोर दिसते," ते वैतागून म्हणायचे. दोन मंडया अशाच बाईविना गेल्या. ते दोन्ही दिवस शालिकभाऊ लोकांच्या पाहुण्यांच्या गाड्यांखाली डोकावत गावभर फिरले.

यंदा जीप तयार झाली. पुढचा भाग असा दणकट की रोडरोलरनं बाजूला व्हावं. आणि नेमका दिवाळीच्या तोंडावर नाल्यावर पूल झाला! चांगला रुंद, सिमेंटचा. आता टोलीवर साधा ऑटोही जाऊ लागला. गावाला तर चेकाळायला कारणच मिळालं. "शालिकभाऊ, एक्सल पुलाले लावून द्या, पूल मजबूत होईन!"

मंडईच्या सकाळी मी शालिकभाऊंकडे गेलो तर मला म्हणाले, "ऑटो पाठवला बाईसाठी. बरं झालं पूल झाला. झटके नाही लागत बाईले." जीपवर त्यांनी ताडपत्री टाकून ठेवली होती. मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळानं ऑटो आला. रिकामा. तो वळणावर दिसताच शालिकभाऊ उठून घरात गेले. मी ऑटोवाल्याला विचारलं, "काहून रे, बाई कुठी आहे?"

"येत नाही म्हणते. मले म्हणे, माहा भाऊ माह्यासाठी तीन वर्षं गाडीखाली लोळला अन् मी तुह्या डबड्यात बसू? जीप पाठव म्हणे. अन् पुलावरून नाही, नाल्यातूनच येईन म्हणे."

मी आत गेलो तर शालिकभाऊ स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी बाईचा निरोप सांगितला. मग चपलाही न घालता जे निघाले ते ताडपत्री ओढत जीपवर. मागं मी चढलो म्हणून चढलो, नाहीतर ते थांबलेच नसते.

बाईला घेऊन येताना पूल माणसांनी भरला होता. अर्धे हसत होते, अर्धे मोबाइल धरून उभे. बाई पुढच्या सीटवर नवं लुगडं नेसून ताठ बसलेली. शालिकभाऊंनी जीप पुलाच्या बाजूनं खाली उतरवली. दगड आले, पाणी आलं, पुन्हा दगड आले. माझं डोकं टपाच्या उरलेल्या लोखंडी नळीवर दोनदा आपटलं. बाई एका हातानं सीट आणि दुसऱ्या हातानं भावाचा सदरा घट्ट धरून होती. मग एक्सलनं शेवटचा मोठा दगड असा काही पचवला की पुलावरच्या टवाळखोरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या, आणि आम्ही काठावर आलो.

शालिकभाऊंनी इंजिन बंद केलं.

"बाई, तरास तं नाही झाला ना वं?"

"पोटातलं पाणी नाही हाललं रे," बाई म्हणाली. माझ्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, पण मीही मान हलवली.

शालिकभाऊ स्टिअरिंगकडे पाहत अगदी हळू म्हणाले, "मी सकाळपासून दोन ताटं मांडून बसलो होतो. ऑटो रिकामा दिसला, अन् एक उचलून ठेवलं."

बाईनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं, जरा जोरातच.

"तं जाऊन मांड पुन्हा," ती म्हणाली. "भूक लागली मले."