मानेखालची वीट

आमचे शेजारी सुभेदार आबा दर सोमवारी उशी बाजूला सारून मानेखाली वीट घेऊन झोपायचे. वीट साधीसुधी नाही, पक्की भाजलेली. का? तर मंगळवारी मान आखडलेली हवी!

म्हातारा चळलाय, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो.

झालं असं की साताऱ्याच्या बाहेर एका कॉलेजात ऑस्टिओपॅथी शिकवतात. म्हणजे मणके, सांधे, स्नायू हातांनी चाचपून दुखणं शोधायचं आणि हातांनीच सैल करायचं. पोरं आधी एकमेकांच्या माना चाचपतात, पण विशीतल्या मानेत सापडणार काय, डोंबल? म्हणून तिथल्या मॅडमना म्हातारी, कुरकुरणारी शरीरं लागतात. सुभेदार आबा एकदा दुखरी मान घेऊन गेले ते तिथलेच झाले. मंगळवारी रहिमतपुरातून पहिली एस.टी., कडक इस्त्रीचा सदरा, मानेला पावडर. जसे काही सोयरिकीलाच निघालेत!

टेबलावर पालथं पडलं की आबांचा हुकूम सुटायचा. "आधी हात चोळून गरम करा, मगच लावा!" संध्याकाळी कट्ट्यावर मला निकाल ऐकवायचे. "ती म्हसवडची पोरगी लय गुणाची. बोट ठेवलं की दुखणं आपसूक सापडतंय. आन् त्यो चष्मेवाला? गड्या, मान बघतोय का पाकीटमार धरतोय, कळंना!"

पोरं शिकत गेली आणि पंचाईत झाली. आबांची मान बरी झाली. मॅडम म्हणाल्या, "आबा, आता तुमच्यात शोधायला काही उरलं नाही. दुसरं कुणीतरी बघते."

तेव्हापासून वीट.

एका सकाळी मी ती पलंगावर पाहिली आणि भडकलोच. "आबा, अक्कल गहाण टाकलीत का? मान मोडून घ्याल!"

"आरं, पोरांचं शिक्षान थांबंल न्हवं," आबा म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

मग एके दिवशी आबांच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या, हातातला पेला सुटला. तरी गडी मंगळवारी टेबलावर हजर. म्हसवडच्या पोरीनं मानेला हात लावला आणि तसाच उचलला. मॅडमना हाक मारली. मॅडमनी मानेचे एक्स-रे काढायला लावले. नस दबली होती. या मानेला आता शिकाऊ हात लागायचा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पुढच्या मंगळवारी आबा कट्ट्यावर बसले होते. तोच सदरा, तीच पावडर, वर गळ्यात पट्टा. समोरून एस.टी. निघून गेली.

"सुटलात एकदाचे," मी आपली चेष्टा केली.

"कशातनं सुटलो?" आबा रस्त्याकडं बघत म्हणाले. "तुझी काकी गेल्यापासनं मला कुणी हात लावलाय, सांग. लेकाचं तोंड मोबाईलवर दिसतंय. न्हावी दाढी करतोय, तेवढंच. ती पोरं मान धरून इचारायची, 'आबा, हितं दुखतंय का?' आसं कोण इचारतंय रं?"

मी सरकून जवळ बसलो आणि पट्ट्याच्या खाली, त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला.

"हात गार हाय तुझा," आबा म्हणाले.

मी ओशाळून काढायला गेलो.

"ऱ्हाऊ दे. हुईल गरम."