बारा इंची मिरवणूक

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून दीक्षाचं एक ठाम मत झालं होतं. जगातली कुठलीही गोष्ट नीट बोललं की मिळते! तिला ढाल मिळाली, खिडकीजवळचा बाक मिळाला, गणिताच्या सरांकडून चक्क हसू मिळालं. मग चार टायर म्हणजे काय मोठं?

टायर हवे होते घरच्या गाडीला. गाडी पांढरी, छोटी, आठशे सीसीची आणि दीक्षापेक्षा वयाने मोठी, म्हणून घरात तिला ताईचाच मान. पण टायरांना असं टक्कल पडलं होतं, की त्यांच्यात बघून भांग पाडावा! गॅरेजवाल्याने सांगून टाकलं, की या टायरांवर आता फक्त भाजी आणायला जा, आणि तीही पालेभाजी.

पप्पांनी, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले वरिष्ठ लिपिक दशरथ ओव्हाळ यांनी, नव्या टायरांचा भाव विचारला आणि फोन ठेवून ते दोन ग्लास पाणी प्यायले. एवढ्या पैशात अर्धी गाडी येईल, त्यापेक्षा हीच विकून टाकू, असं त्यांनी ठरवलं. पंधरा दिवसांनी सोमवारी एजंट येऊन गाडी घेऊन जाणार होता.

तू अठरा वर्षांची झालीस की याच गाडीवर तुला शिकवीन, असं पप्पांनी दीक्षाला कबूल केलं होतं. ताई गेली की शिकणंही गेलं.

"पप्पा, मी परवडणारे टायर आणले, तर विकणार नाही ना?" तिने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"आण," पप्पा म्हणाले. मांजरीतल्या घरापासून हडपसरपर्यंतची सगळी दुकानं ते पालथी घालून आले होते, त्यामुळे 'आण' म्हणायला त्यांचं काहीच जात नव्हतं.

दीक्षा बसने थेट शनिवार पेठेत गेली. तिथे हिंमतरावांचं टायरचं दुकान होतं. हिंमतराव पेपर वाचत होते. बारा इंची टायर आहेत का विचारल्यावर ते म्हणाले, की बारा इंची आता कुणी ठेवत नाही, संग्रहालयात चौकशी कर. मागवून द्याल का, तर देईन. कमी भावात द्याल का? यावर त्यांनी पेपरचं पान उलटलं.

"घाऊक भाव हवाय? चाळीस टायर घे, देतो."

पुण्यात वाढलेल्या कुठल्याही माणसाला याचा अर्थ कळतो. याचा अर्थ 'घरी जा'. पण दीक्षा वक्तृत्वातली विजेती. समोरच्याच्या बोलण्यातलं आपल्या कामाचं तेवढंच वाक्य उचलायचं, ही तिची सवय. चाळीस भागिले चार, बरोबर दहा. म्हणजे आपल्यासारख्या आणखी नऊ गाड्या शोधल्या की झालं!

त्या रात्री तिने शंभर चिठ्ठ्या लिहिल्या. मधोमध टायरचं भलंमोठं चित्र काढलं. चित्रानेच जागा खाल्ली, त्यामुळे मजकूर थोडक्यात उरकावा लागला. 'एकट्याला महाग पडतं. एकत्र या, फायदा सगळ्यांचा! संपर्क: दशरथ ओव्हाळ.' खाली पप्पांचा नंबर, कारण तिला स्वतःचा फोन नव्हता. मग शाळेच्या वाटेवर जिथे जिथे जुनी आठशे दिसेल, तिथे वायपरखाली एक चिठ्ठी.

दुसऱ्या दिवसापासून पप्पांचा फोन खणखणू लागला. कचेरीत त्यांची इतकी विचारपूस आयुष्यात कुणी केली नव्हती. एकाने विचारलं, विमा आहे का? एकीने विचारलं, भिशी आहे का? एका गृहस्थांनी तर, माझी गाडी बघून तुम्हाला मी गरीब वाटलो का, म्हणून झाडलं. पण त्या गोंधळातून खरोखर नऊ गाड्या निघाल्या! त्यात खालच्या मजल्यावरचे सुदर्शनकाकाही होते. जन्मभर एसटी चालवून निवृत्त झालेला हा माणूस स्वतःच्या गाडीचे टायर मात्र देवाच्या भरवशावर सोडून बसला होता.

पहिल्या गाडीवाल्याच्या फोनला हिंमतराव हसले. चौथ्याला हसले नाहीत. दहाही जणांनी आगाऊ रक्कम पाठवली, तेव्हा त्यांचा आवाजच बदलला. त्यांनी माल मागवला, पण अट घातली. दहाही गाड्या एकाच दिवशी, एकत्र आल्या पाहिजेत.

"चार जण फिरकले नाहीत, तर उरलेले बारा इंची मी काय गळ्यात घालून फिरू?"

म्हणून त्या रविवारी सकाळी मांजरीतून दहा पांढऱ्या आठशे एका रांगेत निघाल्या. उद्या एजंट येणार होता, त्यामुळे जे काही व्हायचं ते आजच. स्वारगेटच्या गर्दीत चुकामूक व्हायला नको, म्हणून दीक्षाने प्रत्येक गाडीच्या पुढच्या-मागच्या काचेवर टायरचं चित्र चिकटवलं होतं. मम्मीने, म्हणजे ललिताबाईंनी, घरचा चिवडा पुड्यांत बांधून घेतला होता. टायर जपायचे म्हणून सगळे बैलगाडीच्या वेगाने चालले होते, आणि एकमेकांना दिसावं म्हणून दिवे लावले होते.

सगळा विचार केला होता. एकच गोष्ट दीक्षाच्या लक्षात राहिली नव्हती. महापालिकेच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या.

स्वारगेटला पहिल्या गाडीच्या खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ती मागच्यांना हात करत होती. रांग सोडू नका, या, या! फुटपाथवरच्या लोकांनीही हात केले. तिला आश्चर्य वाटलं, पण आवडलं. तिने आणखी जोरात हात हलवला. एका रसवंतीवाल्याने पप्पांना नमस्कार केला. पप्पा पडले सभ्य गृहस्थ, त्यांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडले!

"टायर निशाणीवाले दिसतायत," कुणीतरी म्हणालं. "अपक्ष असणार. बिचाऱ्याकडे मोठी गाडीसुद्धा नाही."

पेठेत शिरल्यावर तर कहर झाला. आनंदीबाई नावाच्या आजी काठी आडवी धरून गाडीसमोरच उभ्या राहिल्या. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, तुम्ही लोक फक्त मतं मागायला येता, असं त्यांनी सुनावलं. पाणी म्हटल्यावर पप्पांची वीस वर्षांची नोकरी जागी झाली.

"अर्ज द्या आजी," ते म्हणाले. "सोमवारी बघतो."

त्याच वेळी मागे मम्मी गाड्यागाड्यांतून चिवड्याच्या पुड्या देत होती. दोन पुड्या तिने कौतुकाने बघ्यांनाही दिल्या. आणि हे सगळं, नमस्कारापासून चिवड्यापर्यंत, एक माणूस कॅमेऱ्यात टिपत होता. त्याच्या मागे जीप उभी होती. जीपवर पाटी होती, 'निवडणूक भरारी पथक'.

पथकाच्या प्रमुख भाग्यश्री मॅडम खाली उतरल्या. त्यांच्या हातात दीक्षाची चिठ्ठी होती.

"उमेदवार कोण?"

सुदर्शनकाकांनी मदत म्हणून दीक्षाकडे बोट दाखवलं. हिनेच सगळं उभं केलं, असं त्यांना अभिमानाने सांगायचं होतं.

"वय?"

"सोळा," दीक्षा म्हणाली.

मॅडमनी चिठ्ठी पुन्हा वाचली. "मग हे दशरथ ओव्हाळ कोण?"

"मी," पप्पा म्हणाले. "पण मी सरकारी नोकर आहे." हे आपण आपल्या बाजूने बोललो, असं त्यांना वाटलं. मॅडमचा चेहरा बघून त्यांना कळलं, की नाही. सरकारी नोकर, नावाचं पत्रक, पाण्याचं आश्वासन आणि वर चिवडा! गाडी राहूच दे, आता नोकरीच भंगारात निघायची वेळ आली होती.

दीक्षाने घसा साफ केला. हात मागे बांधून, स्पर्धेत उभी राहिली होती तशी ती उभी राहिली आणि पालेभाजीपासून चाळीस टायरांपर्यंत सगळं सांगितलं. खोटं वाटत असेल तर हिंमतरावांना फोन करा, असं आव्हानही दिलं. मॅडमनी लगेच फोन लावला, स्पीकरवर.

"निवडणूक पथकातून बोलतेय. दहा गाड्यांचा ताफा तुमच्याकडे येतोय का?"

पलीकडून हिंमतरावांचा आवाज आला. "कुठला ताफा? मी कुणाला ओळखत नाही. मी मतदानालाही जात नाही."

फोन कट! पप्पांनी डोळे मिटले. मॅडम म्हणाल्या, चला, समक्षच बघू. आता पुढे पथकाची जीप, मागे दहा आठशे, असा तो ताफा निघाला. आधी ज्यांनी ओळखलं नव्हतं, तेही आता उठून उभे राहिले. सरकारी जीप पुढे म्हणजे माणूस निवडूनच आलेला दिसतो!

दुकानाचं शटर बंद होतं. आतून रेडिओचा आवाज येत होता, तोही बंद झाला. उद्या सकाळी एजंट येणार, इथे शटर बंद, आणि मागे कॅमेरा चालू. दीक्षाने शटरला तोंड लावलं. तिचं भाषण पाठ होतं, पण त्यातलं एकही वाक्य इथे चालणार नव्हतं.

"काका," ती हळूच म्हणाली, "आम्ही परत चाललोय. चाळीस टायर तुम्हालाच राहू द्या."

शटर गुडघ्यापर्यंत वर आलं. खालून हिंमतरावांचे डोळे दिसले.

"परत जायला मी सांगितलं का?"

शटर पूर्ण वर गेलं आणि आत छतापर्यंत रचलेले काळेभोर, कोरे टायर दिसले. दीक्षाला ते दागिन्यांसारखे वाटले! मॅडमनी थप्पी पाहिली, मग बाहेर येऊन वाकून ताईचं चाक पाहिलं, त्यावरून बोट फिरवलं. बोट कुठेही अडलं नाही.

"कॅमेरा बंद करा," त्या म्हणाल्या. "या टायरांवर कुणी प्रचाराला निघेल, असं मला वाटत नाही." पप्पांना त्यांनी एवढंच बजावलं, की मतदान होईपर्यंत कुणालाही नमस्कार करू नका. पप्पांनी सवयीने हात जोडले आणि घाईघाईने खिशात घातले.

दुपारपर्यंत दहाही गाड्यांना नवे टायर चढले, ठरल्या घाऊक भावात. हिंमतरावांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला देतात तशी चाकाखाली ठेवायला चार लिंबं दिली. आमच्यात तसं नसतं, असं पप्पांनी सांगितलं.

"मग सरबत करा," हिंमतराव म्हणाले. दीक्षाला मात्र त्यांनी विचारलं, की पुढे काय शिकणार आहेस, दुकानात ये हवं तर. म्हणजे केवढं कौतुक! नऊ गाड्यांनी तिच्यासाठी हॉर्न वाजवले. मम्मीने उरलेला सगळा चिवडा तिलाच दिला.

घरी आल्यावर पप्पांनी सगळ्यांसमोर एजंटला फोन करून गाडी विकायची नाही असं सांगितलं. दीक्षाची मान जी ताठ झाली, ती झोपेतही खाली आली नाही.

सोमवारी सकाळी ती गॅलरीत उभी राहिली. पप्पा नव्या टायरांवरून ऐटीत कचेरीला निघालेले तिला बघायचे होते. पप्पा खाली आले. गाडीला एक फेरी मारली, चारही टायर रुमालाने पुसले. मग गाडीवर आच्छादन घातलं, त्याच्या नाड्या घट्ट बांधल्या, आणि डबा घेऊन बसस्टॉपकडे चालू लागले.

"पप्पा, गाडी?" दीक्षा वरून ओरडली.

पप्पांनी वर पाहिलं. "अगं, आत्ताच तर नवे टायर घातलेत," ते म्हणाले. "लगेच झिजवायचे का?"