देवस्थळी सर आणि उलटी चप्पल

देवस्थळी सर कोणाकडेही गेले की आधी दारातल्या चपला उलट्या करून बघायचे. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, असं मानणाऱ्या कसबा पेठेत हे खपणं कठीण होतं. शेजारच्या आजींनी त्यांना एकदा सरळ ऐकवलं, "अहो, भांडायला आम्हाला तुमची मदत लागत नाही."

सर विद्यापीठात आमच्याच गुन्हेगारीशास्त्राच्या विभागात होते. आम्ही सहा जण. कायदा, मानसशास्त्र, समाजशास्त्र, रसायन, पाचवा मी आकडेवारीचा आणि सहावे सर, पाऊलखुणांचे. एकाच खुनाबद्दल सहा मतं पडायची. कायदेवाले कलम शोधायचे, समाजशास्त्रवाले वस्ती विचारायचे. सर म्हणायचे, "माणूस जबाब फिरवतो. चपलेचा तळ नाही फिरवत."

एका रविवारी ते आमच्याकडे आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. हातात माझ्या बायकोची डावी चप्पल. तिचं पुढचं टोक घासून गेलं होतं, उजवीचं शाबूत होतं. वहिनी डावा पाय ओढतात, डॉक्टरांना दाखवा, असं म्हणाले. ती मंडईतून पिशव्या घेऊन चालत येते, तिला काही झालेलं नाही, असं मी सांगितलं. वर हेही, की एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणाऱ्याला मी पहिल्याच वर्षी नापास करतो.

सर हसले नाहीत. "उद्याच जायचं. मी येतो बरोबर."

आणि आले. मणक्यात नस दबली होती. आणखी थांबला असतात तर पाय कायमचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी मी पेढे घेऊन सरांकडे गेलो. सर एकटे राहतात, पण दाराशी बायकी चपलांचा जोड होता, स्वच्छ पुसलेला. एव्हाना मलाही खोड लागली होती. मी डावी उलटी केली. पुढचं टोक घासलेलं.

"हिची," सर दारातून म्हणाले. त्यांची पत्नी पूर्वीच मेंदूतल्या गाठीने गेली, एवढंच मला ठाऊक होतं. "तेव्हा मी दिवसभर परक्यांचे तळ वाचायचो. ही चप्पल मात्र रोज ओलांडून घरात यायचो."

त्यांनी ती चप्पल माझ्या हातून घेतली आणि उजवीशेजारी नीट ठेवली, टोक घराकडे करून. मग विचारलं, "वहिनींच्या आणल्यात का?"

विचारणार हे माहीत होतं, म्हणून ऑपरेशननंतर घेतलेल्या तिच्या नव्या चपला पिशवीतून आणल्याच होत्या. सरांनी त्या उजेडात धरून बराच वेळ पाहिल्या. दोन्ही तळ सारखे झिजले होते.