चौथ्या भागावर अडलेलं लग्न

"माय, त्या पोरीसमोर मी गेमचा ग सुद्धा काढणार नाही!" गाडीला किल्ली लावता लावता गजेंद्रनं छाती ठोकून सांगितलं. "पंधरा वर्षं चाळीस जणांची टोळी सांभाळून राह्यलो मी. माहं एक तोंड मले सांभाळता येणार नाही काय?"

"थेच तर पाहाचं हाय," आशाबाई म्हणाल्या आणि पदर सावरून पुढच्या सीटवर बसल्या. मागे पुंजाजीमामा होते. आतापर्यंत अकरा ठिकाणी या तिघांचे पोहे खाऊन झाले होते आणि अकराही ठिकाणांहून नकार आला होता. आजचं बारावं ठिकाण धामणगाव बढ्याचं होतं.

गजेंद्रचं नांदुऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. वय चौतीस. घरी बारा एकर शेती, जिच्यात त्यानं पाऊल टाकल्याचं कोणी पाहिलेलं नाही. माणूस निर्व्यसनी, पण त्याला जगात काही आवडतच नसे! चहा दिला तर पूर्वी चहा कसा मिळायचा ते सांगणार, सिनेमा दाखवला तर पूर्वीचे सिनेमे काढणार. लग्नात जेवायला बसला की पहिल्या घासापासून वरणाला नावं ठेवणार आणि तिसऱ्यांदा वाढून घेणार.

त्यातल्या त्यात त्याला एक गोष्ट आवडे, ती म्हणजे 'एमरवोल्ड' नावाचा कंप्युटरवरचा गेम. जगभरातले हजारो लोक एकाच वेळी हा गेम खेळतात. प्रत्येकाचा आपापला एक लढवय्या असतो, आणि दर दोन-तीन वर्षांनी कंपनी त्यात एक नवा मुलूख जोडते. असे सहा भाग आले होते. गजेंद्रच्या मते त्यातला दुसरा भाग, 'राखेचा किल्ला', हाच काय तो खरा. बाकीचे पाच भाग म्हणजे कचरा, आणि ते ज्यांना आवडतात ते लोकही कचराच! हे मत तो रोज गेममधल्या आपल्या टोळीतल्या एकोणचाळीस जणांना ऐकवत असे आणि ते बिचारे मुकाट्यानं ऐकत असत.

धामणगावला उत्तमरावांच्या घरी चहापोहे झाले. मुलगी सुचिता. शाळेत कंप्युटर शिकवायची, नजरेला नजर देऊन बोलायची. पुंजाजीमामांनी नेहमीप्रमाणे सुचवलं, "पोरापोरीले बोलू द्या जरा." दोघांना गच्चीवर पाठवण्यात आलं. आधीच्या अकरा ठिकाणी हे बोलणं चार मिनिटांच्या वर गेलं नव्हतं, म्हणून आशाबाईंनी चपला काढल्याच नव्हत्या.

गच्चीवर गजेंद्रनं शपथ पाळली. चक्क तीन मिनिटं पाळली! मग सुचितानं वेळ पाहायला मोबाइल बाहेर काढला आणि त्याच्या पडद्यावर गजेंद्रला एक कंदील दिसला. निळ्या ज्योतीचा, पितळी कडीचा. जगात असा कंदील एकाच ठिकाणी आहे.

"तुम्ही... एमरवोल्ड खेळता?"

"हाव! आठ वर्षं झाले. तुम्ही?"

"पंधरा!"

गजेंद्रचा ऊर भरून आला. बारा एकर शेती, पक्कं घर, सोन्यासारखी आई, यांतलं काही ज्या मुलींना दिसलं नाही त्या अकराजणींचे त्यानं मनातल्या मनात आभार मानले. आता फक्त एक प्रश्न राहिला होता. तो विचारायची काहीच गरज नव्हती, तरी त्यानं विचारला.

"तुम्हाला कुठला भाग आवडतो?"

"चौथा! 'धुक्यातली बेटं'!"

गजेंद्रचा चेहरा असा झाला की सुचितानं विचारलं, "पाणी आणू काय?"

"चौथा?" तो म्हणाला. "चौथा म्हंजे अंगणवाडी हाय! मासे धरा, झोपडी बांधा, कांदे लावा! लढवय्याच्या हाती खुरपं देल्लं त्यायनं!"

"अन् तुमच्या दुसऱ्यात काय हाय? राख! वर राख, खाली राख! चाळीस जणांनी चार घंटे एकाच राक्षसाभोवती फिराचं. आमच्या शाळेच्या मीटिंगीत याच्याहून जास्त काही होते!"

"राखेच्या किल्ल्याले बोलाचं काम नाही!"

"बोलीन! शंभर वेळा बोलीन!"

खाली बैठकीत शब्द पोचत नव्हते, आवाज मात्र पोचत होते. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. एका तासानंतर आशाबाईंनी चपला काढल्या. सव्वा तासाला पुंजाजीमामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उत्तमराव, पहिल्या भेटीत एवढं बोलणं? आपण तर बायकोसंगं वर्षात एवढं बोलत नाही!"

"जमलं म्हणा!" उत्तमराव उठलेच. "मंग कायले पाह्यतो वाट? आपल्या इकडं आता पाहण्यातच लग्न लावून राह्यले लोक. ना हुंडा, ना मांडव, ना पत्रिका. पेपरात फोटो येते!"

आमच्या भागात हे खरंच होतं. पोरगी पाहायला गेलेली माणसं संध्याकाळी सून घेऊन परत येतात, आणि दोन्हीकडचा खर्च वाचल्याबद्दल गाव त्यांचा सत्कारही करतं. त्यामुळे उत्तमरावांच्या बोलण्यात कोणालाच घाई वाटली नाही. भटजींना फोन गेला, शेजारणी अक्षता रंगवायला बसल्या, हारवाल्याकडे माणूस धावला. पेपरात बातम्या देणारा एक गृहस्थ कोणी न बोलावता येऊन पहिल्या खुर्चीत बसला. अर्ध्या तासात भटजी मोटरसायकलवरून आले आणि पाट कुठे मांडायचा ते विचारू लागले.

तेवढ्यात नवरा-नवरी जिना उतरून खाली आले. दोघं लालबुंद झाले होते. बायकांना ती लाज वाटली.

"मले हे पोरगी पसंत नाही!" गजेंद्र म्हणाला.

"अन् मले हा माणूस!" सुचिता म्हणाली.

अक्षता रंगवणाऱ्या बायकांचे हात थांबले. पेपरवाल्यानं वहीत लिहिलेलं पहिलं वाक्य खोडलं.

"काऊन बे?" मामा ओरडले. "पावणेदोन घंटे काय करून राह्यले होते मंग?"

आता कारण सांगणं आलं. गजेंद्रनं ते सांगितलं. भाग म्हणजे काय, राखेचा किल्ला म्हणजे काय, चौथ्या भागात खुरपं कसं देतात, सगळं. बैठकीतल्या वीस माणसांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण भांडण असल्यामुळे सगळ्यांनी मन लावून ऐकलं. आशाबाईंनी कपाळाला हात लावला. भिंतीवर आपलं डोकं आपटावं की पोराचं आपटावं, एवढंच त्यांचं ठरायचं राहिलं होतं.

"माह्या एकाच प्रश्नाचं उत्तर द्या," सुचिता म्हणाली. "चौथ्या भागाच्या शेवटी बेट बुडते. नावेत जागा एकाचीच असते. तुम्ही कोणाले वाचवलं? कंदीलवाल्या म्हाताऱ्याले का त्याच्या नातीले?"

गजेंद्रनं इकडे तिकडे पाहिलं. "दोघांयले," तो म्हणाला.

"दोघांयले वाचवताच येत नाही! बाबा, यायनं चौथा भाग खेळलाच नाही!"

बैठकीत कुजबुज सुरू झाली. गेम कोणाला कळला नव्हता, पण हे सगळ्यांना कळलं. उत्तमरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "जावईबापू... म्हंजे गजेंद्रराव! भाजी तोंडात न घालताच तुम्ही खारट म्हणून राह्यले. उद्या माह्या पोरीचंही असंच कराल."

मामांनी हात जोडले. बाराव्यांदा नकार घेऊन नांदुऱ्याला जायची त्यांची ताकद नव्हती. "पोट्टा खेळून येईन! पंधरा दिवस द्या त्याले!"

सुचितानं थोडा विचार केला. "ठीक हाय. आवडलाच पाह्यजे असं नाही. खेळा, अन् जसं वाटलं तसं खरं सांगा. बास!" एवढी सोपी अट आमच्या जिल्ह्यात आजवर कुठल्याच मुलीनं घातली नसेल!

आणि गजेंद्रच्या घरात अघटित घडलं. ज्या आशाबाईंनी एकदा विळ्यानं गेमची वायर कापली होती, त्याच आता त्याच्या डोक्याशी उभ्या राहू लागल्या. "उठून कुठी चालला? बस खाली! खेळ!" दर तासाला चहा येई. दुकानाला कुलूप लागलं. शेजारी आले तर त्या दारातूनच सांगत, "हळू बोला, गजेंद्र खेळून राह्यला."

पुंजाजीमामांचा रोज सकाळी फोन. "किती राक्षस मारले?"

"मामा, या भागात राक्षस कमी हायेत. कांदे लावा लागतात."

"मंग कांदे किती झाले?"

पहिले दोन दिवस गजेंद्र कुत्सित हसत खेळला. तिसऱ्या दिवशी तो सकाळी सहालाच उठून बसला. कशाला? कांद्याला कोंब आला का ते पाहायला! पाचव्या दिवशी त्यानं झोपडीला ओसरी काढली. आठव्या दिवशी म्हाताऱ्या कंदीलवाल्याला ताप आला, तर या गृहस्थाला इकडे जेवण जाईना. खरी शेती बापजाद्यांपासून दारात पडली होती, तिची ढेकळं कधी याच्या पायाला लागली नव्हती!

तेराव्या दिवशी दुपारी बेट बुडालं. गजेंद्रनं नातीला नावेत बसवलं. म्हातारा किनाऱ्यावर थांबला आणि नावेला वाट दिसावी म्हणून पाणी गळ्याशी येईपर्यंत एकेक कंदील लावत गेला. आशाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा पोरगा हुंदके देऊन रडत होता. विजेचा झटका बसला असं समजून त्यांनी आधी बटण बंद केलं!

पंधराव्या दिवशी धामणगावच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. भटजी या वेळी पिशवी घेऊनच आले होते. गजेंद्रनं अख्ख्या रस्त्यात एकच शब्द घोकला होता. आवडला. आवडला. आवडला. एवढं म्हटलं की बायको मिळणार होती, आईचा जीव भांड्यात पडणार होता, मामांचे जोडलेले हात सुटणार होते.

"खेळले?" सुचितानं विचारलं. आज ती जरा हसली होती.

"हाव. पूर्ण."

"मंग? कसा वाटला?"

"चांगला हाय," गजेंद्र म्हणाला. आशाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. भटजींनी पिशवीची गाठ सोडली. "पण..."

त्या एका शब्दावर तो थांबला असता तरी निभावलं असतं. पण गजेंद्र आणि थांबणार! पंधरा वर्षांची सवय अशी उसळून वर आली की त्याचं त्यालाच आवरेना. पाण्याचा रंग चुकला. मासे एकाच बाजूला पोहतात. झोपडीचं दार आतल्या बाजूला उघडतं. आणि कांदे? कांदे तीन दिवसांत येतात! "अरे, कांद्याले चार महिने लागतात! शेती काय असते हे त्या कंपनीले कोणी सांगतलंच नाही!" हे गजेंद्र, शेतकऱ्यांनी भरलेल्या बैठकीत, हात नाचवत सांगत होता. तब्बल चाळीस मिनिटं सांगत होता.

"अन् शेवट?" सुचितानं हळूच विचारलं. "म्हाताऱ्याचा?"

तिनं त्याला वाचवण्यासाठी दोर टाकला होता, हे बैठकीतल्या लहान पोरांनाही कळलं.

"शेवट ठीक हाय," भरून आलेले डोळे पुसत गजेंद्र म्हणाला. "पण राखेच्या किल्ल्याची सर नाही."

सुचिता उठली. "खरं सांगाचं ठरलं होतं. चहा घेऊन जा," एवढंच बोलली आणि आत गेली. भटजींनी पिशवीला पुन्हा गाठ मारली.

परतीच्या वाटेवर, मोताळ्याच्या अलीकडे गजेंद्रनं घसा खाकरला.

"माय, खरं सांगू? शेवट लय भारी होता. असं काही मी पंधरा वर्षांत पाह्यलं नाही. सहाही भागांत चौथाच भारी हाय."

"मले माहीत हाय. म्या पाह्यलं तुले रडताना." आशाबाई त्याच्याकडे वळल्या. "मंग हे तथी त्या पोरीले काऊन नाही सांगतलं?"

"सांगणारच होतो," गजेंद्र म्हणाला. "पण..."

"थांबव गाडी!"

गाडी थांबली. आशाबाई उतरल्या. मागचं दार उघडून पुंजाजीमामाही उतरले. मागून नांदुऱ्याची एसटी आली. आत पाय ठेवायला जागा नव्हती, दारात माणसं लोंबकळत होती. तरी दोघं चढले.